बेडकाच्या अंड्यांची निवड

कोणत्या तोंडानं सांगू, कळत नाही! बहिणीची पीएच.डी. मी चमच्या-चमच्यानं मोरीत सोडलेली आहे.

ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पंचवटीत खाली माझी कांद्याची पेढी, वर आम्ही दोघं भावंडं. धाकटी सुमन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि बेडकाच्या अंड्यांवर संशोधन करायची. कॉलेजला गणपतीची सुट्टी लागली, म्हणून अंड्यांच्या दोन बश्या तिनं घरीच आणल्या.

"यात बघायचं तरी काय गं?"

"दादा, अंड्यात आरएनएचे धागे असतात. काहींवर एकच मजकूर पुन्हा पुन्हा. प्रथिनं त्यांना चिकटतात. एका बशीत मी तसले धागे जास्तीचे घातलेत. प्रथिनं त्यातच अडकून पडतात का, ते बघायचंय."

मी म्हटलं, म्हणजे एकाच पत्त्याच्या हजार चिठ्ठ्या वाटल्या, तर सगळे हमाल त्याच दारात. बाकी बाजार ठप्प!

"बरोब्बर!" सुमन म्हणाली. सातवी शिकलेल्या माझी छाती अशी फुगली! पण ठप्प झालेला बाजार बशीत दिसतो कसा, हे विचारायचं राहिलं.

दुपारी तिचे मार्गदर्शक सर पुण्याहून येणार होते. दोन बश्यांत फरक दिसला नाही तर विषय बंद, तीन वर्षं पाण्यात. त्यांना आणायला सुमन स्टँडवर निघाली. "दादा, बश्यांकडे लक्ष ठेव हं."

लक्ष ठेव! कांदेवाल्याला असं सांगतात का? अहो, नासका कांदा दिसला की आमचा हात आपोआप जातो. एक राहिला तर शेजारचे दहा नासवतो. पहिली बशी टवटवीत. दुसरीत बघतो तर निम्म्याहून जास्त अंडी पांढुरकी, फुगलेली! सर यायच्या आत एकेक मेलेलं उचललं आणि मोरीत सोडलं. बशी ओकीबोकी दिसायला लागली, म्हणून पहिलीतली चांगली तिच्यात घातली. दोन्ही बश्या कशा जुळ्या बहिणी!

सर आले. भिंगातून पहिली बशी बघितली. दुसरी बघितली. पुन्हा पहिली.

"बाई, फरक कुठं आहे?"

सुमननं भिंगाला डोळा लावला आणि मटकन खालीच बसली.

"विषय बदलावा लागेल," सर चष्मा पुसत म्हणाले.

तिच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवेना. "अगं वेडे, रडतेस कशाला? सगळी जिवंत आहेत! मेलेली मी केव्हाच निवडून टाकली!"

सुमन माझ्याकडे अशी बघत होती, की मी दोन पावलं मागं सरकलो.

"किती होती?" सरांनी विचारलं.

"दुसरीत तिसातली बावीस. पहिलीत एकच."

"कोणत्या बशीत काय घातलंय, माहीत होतं?"

"छे हो! मला काय ठाऊक?"

सर जे हसत सुटले! "बाई, फरक होता तर! विषय राहू द्या. प्रयोग मात्र पुन्हा करा. आणि खोलीला कुलूप लावा."

यथावकाश सुमन डॉक्टर झाली. तो इंग्रजी प्रबंध मी शब्दकोश घेऊन वाचून काढला. आभाराच्या पानावर माझं नाव नाही. सापडलो कुठं, तर प्रयोगाच्या पद्धतीत! पाणी किती थंड, उजेड किती, आणि खाली एक ओळ: 'अंड्यांना घरच्या मंडळींचा हात लागणार नाही, याची दक्षता घेतली.'

घरची मंडळी! तिला सोडून घरात होतं कोण? मी एकटाच की हो!