राहिलेला चहा

चुलतभावाशी चाललेल्या शेतरस्त्याच्या दाव्यात आमची जागा बघायला कोर्टाने एका वकिलांना कमिशनर नेमलं. नेवाशाच्या कोर्टात ते मला नेहमी दिसायचे. खांद्याला थर्मास, आणि काहीही सांगा, उत्तर ठरलेलं, "नोंद घेतो."

पाहणीचा अर्ज माझा, म्हणून त्यांची फीही मीच भरलेली. साहजिकच मला वाटलं, माणूस आपला. शेतात आल्याबरोबर मी चहा पुढे केला. तिकडून चुलतभावानेही कप आणला.

"फी तुमी कोर्टात भरली, ती मला तिथून मिळंल," ते हसून म्हणाले. "चहा भरलाय का कोर्टात?"

दोन्ही कप परत गेले. बांधावर बसून त्यांनी थर्मासातला चहा मजेत घेतला आणि लिहायला लागले. भावाने रस्त्यात टाकलेले दगड लिहिलेच, पण रस्त्यात शिरलेल्या माझ्या उसाच्या दोन सऱ्याही लिहिल्या.

पुढे दावा मिटला. दगड गेले, सऱ्याही गेल्या. परवा एसटी स्टँडवर त्यांनीच मला हाक मारली.

"आता पाजा की चहा. दोन सांगा, एक तुमच्या भावाचा राहिलाय."

मी दोन सांगितले. दोन्ही त्यांनीच प्यायले.