शेवटच्या घरचं ताट

चावीमामांच्या मनगटावर मोठं घड्याळ होतं. पण पाणी सोडल्यावर ते घड्याळाकडे बघत नसत, कान देऊन उभे राहत. मागच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातून ताट वाजल्याचा आवाज आला की मगच मनगट वळवायचे आणि म्हणायचे, “आता मोजा.” तिथून पुढे पाऊण तास. त्याआधी वाहिलेलं पाणी त्यांच्या हिशेबी धरलेलंच नसे.

आमची वसाहत गारखेड्याकडची. पैठणहून येणारं पाणी आधी आमच्या गल्लीतून जायचं, मग मागच्या गल्लीत. तिथलं शेवटचं घर जरा टेकाडावर होतं. त्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांच्या नळाला धार लागली की त्यांनी लाटण्यानं ताट वाजवायचं, हा नियम मामांनीच घालून दिलेला. धरण तळाला गेलं होतं, पाणी आठव्या दिवशी यायचं. त्यामुळे त्या दिवशी दोन्ही गल्ल्या सणासारख्या जाग्या असायच्या, फक्त कुणाच्या तोंडावर हसू नसायचं.

मामा नळाचं पाणी सोडायच्या कामावर ठेकेदाराकडे रोजंदारीवर होते. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी, डोक्याला टॉवेल. मूळचे पाचोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. ताटाचा नियम कुठून आला असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मेंढरं हौदावर नेली की तगडी पुढं घुसत्यात. त्यांना हाकलावं लागतं, बाई. मागचं लंगडं पेलं, की समदी पेली म्हणायचं. पुढच्यांचं मोजून काय करायचं?” हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, की मी ते शाळेत मुलांना जसंच्या तसं ऐकवलं.

मी तेव्हा भूगोल शिकवत असे. नद्या आणि शेजारी देश हा भाग माझा आवडता. एका बाकाला वरचा देश करायचं, एकाला खालचा, आणि भांडायला लावायचं. प्रत्येकाला वरचा देश व्हायचं असे. मामांना याची फार गंमत वाटली. सिंधूच्या पाण्याचा करार काय आहे, ते त्यांनी मला आमच्या ओट्यावर बसून समजावून सांगायला लावलं. मी वहीचं पान फाडून नकाशा काढला, सहा नद्यांची नावं लिहिली. तीन आपल्या, तीन त्यांच्या.

“म्हंजी पाणी नाय वाटलं, नद्याच वाटल्या?”

“हो. एकेक नदी वाटणं सोपं पडलं असेल.”

“आपल्याकडं पाईप एकच हाय,” ते म्हणाले. थोडा वेळ नकाशा बघून पुढे म्हणाले, “वरचा कबूल झाला, हेच लई झालं. वरच्याला तहान कळत नाय, बाई. पाणी त्याच्या दारावरनंच जातं.” चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस. त्यानं ते पान नीट चौघडी घालून खिशात ठेवलं. माझं अक्षर वळणदार आहे म्हणाले. मला बरं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात ह्यांनी मोटार आणली. नळाला जोडली की पाणी खेचून थेट गच्चीवरच्या टाकीत. शेजारच्यांनी आधीच बसवली होती, मग आपणच का मागे राहायचं, असा आमचा विचार. वर्गात मी खालच्या देशाची बाजू इतक्या तळमळीनं मांडायची, पण मोटारीचं बटण दाबताना मला त्यातलं काही आठवलं नाही. खरं सांगायचं तर टाकी भरल्याचा आवाज ऐकून सुखच वाटलं.

त्या दिवशी ताट वाजलं नाही. मामा बराच वेळ कान देऊन उभे राहिले. मग एकेका फाटकाशी वाकून पाईपला हात लावत निघाले. आमच्या दाराशी थांबले. पाईप थरथरत होता.

“बाई, ही तुमच्याकडं बी?”

त्यांनी आवाज चढवला नाही, चारचौघांत बोभाटाही केला नाही. “बंद करा, तिकडं वाजूद्या,” एवढंच म्हणाले, आणि मोटार बंद होईपर्यंत फाटकाशी उभे राहिले. मग दर पाळीला तेच. गल्लीतल्या सगळ्या मोटारी बंद झाल्याशिवाय ते हलत नसत, आणि ताट वाजेपर्यंत पाणी चालू ठेवत. कधी दीड तास, कधी दोन.

आमची गल्ली चिडली. दारात उभं राहून पहारा करणारा हा कोण? बैठक आमच्याच घरी झाली. अर्ज करायचं ठरलं. लिहायचा कुणी, तर भूगोलाच्या बाईंनी, त्यांचं अक्षर चांगलं. मी लिहिलं की हा कर्मचारी वेळेचं पालन करत नाही, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त पाणी सोडतो, मागच्या गल्लीला झुकतं माप देतो. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मोटारींचा उल्लेख तेवढा नव्हता. खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

पुढच्या पाळीला नवा माणूस आला. चावी फिरवली, घड्याळ बघितलं, पाऊण तासानं बंद करून गेला. वक्तशीर होता, कुणाची तक्रार नव्हती. मागच्या गल्लीत एक-दोनदा ताट वाजलं, पण ते रिकाम्या नळासमोर वाजवलेलं होतं. नंतर थांबलं.

पुढे काही वर्षांनी पाचोडच्या बाजारात मामा दिसले. कोकरं विकायला बसले होते. मला बघून उठले, टॉवेलानं दगड झटकून बसायला जागा केली, चहा मागवला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनीच सुरुवात केली.

“सायबानं अर्ज दावला हुता. अक्षर झ्याक हुतं.” खिशाकडे हात नेल्यासारखं केलं आणि तसाच मागे घेतला. रागाचा लवलेश नव्हता, म्हणून मला जास्तच लाज वाटली. माफी मागावी असं मनात आलं. पण माणसं येत-जात होती, कोकरं ओरडत होती, आणि मी चहा पीत राहिले.

निघताना त्यांनी विचारलं, “आता कसं हाय? त्या शेवटच्या घरी पाणी येतं का?”

“येतं,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा खुलला. “मग झालं,” म्हणाले, आणि कोकरांकडे वळले.

त्या घराला कुलूप लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती.