वाजवून घेतलेला नारळ

गिरण्यांचा संप फसला त्या सुमाराला घाटकोपर स्टेशनबाहेर एक कोकणातला माणूस नारळ विकायला बसू लागला. त्याची गिरणी बंद पडली होती. त्याचा एक अजब नियम होता. नारळ त्याने निवडला आणि नासका निघाला तर तो बदलून द्यायचा. गिऱ्हाईकाने निवडला तर मात्र नाही. त्यामुळे सगळे म्हणायचे, "मामा, तुम्हीच द्या." मग तो डोळे मिटून एकेक नारळ कानाशी हलवायचा.

एकदा मला त्याची कीव आली. म्हटलं, "मामा, पुढाऱ्यांनी फसवलं हो तुम्हाला. तुमचा काय दोष?"

त्याचा हात थांबला. "संपाच्या सभेत हात मीच वर केलंय गो. गिरणी गेली, खोली गेली. तेवढा दोष तरी माझा रवांदे."

हा पश्चात्ताप होता की तोरा, मला कळेना. धीर द्यायला गेले तर माणूस रागावतो कसा? "आज तूच घे वाजवून," म्हणत त्याने टोपली माझ्यापुढे सरकवली. मी दोन नारळ कानाशी हलवले. दोन्ही सारखेच वाजले. एक उचलला.

घरी फोडला तर आतून पार नासलेला.

"कोणी दिला गं हा असला?" सासूबाई करवादल्या.

"मामांनी" म्हणणं किती सोपं होतं.

"मीच घेतला," मी म्हटलं, आणि का कोण जाणे, माझा आवाज उगाचच चढला.