ताडपत्रीखालचा ढीग

“मढं हाय का त्ये, झाकायला?” जयवंता कडाडली. “सकाळपासनं आमी कातरून काढलेला खराब माल हाय. त्याच्यावर ताडपत्री कशापायी?”

“पाहुणी दहा मिनिटांत येतीय, जयवंताबाई. पाहुणा यायच्या वेळी दारात उकिरडा ठेवता का तुम्ही?” स्वानंद म्हणाला.

“उकिरडा तुमच्या डोस्क्यात हाय, सायेब.”

बायांच्या कातऱ्या थांबल्या. या दोघांचं हाडवैर द्राक्षं निवडून पेटीत भरणाऱ्या सगळ्या पॅकहाऊसला ठाऊक. स्वानंद बारामतीचा, परदेशी व्यवहार बघणारा मॅनेजर, इंग्रजी फाडफाड. जयवंता पळसदेवची लेक, कळंबची सून. अठरा हंगाम द्राक्षात गेलेले. पहिले सहा बागेत, मान वर करून मणी विरळायचे. मग हितं. आता चाळीस बायांची मुकादमीण. घड उजेडाला धरला की आतला नासका मणी तिला बरोबर घावायचा. तोंड मात्र कातरीहून धारदार. नवरा, दीर, सोसायटीचा चेअरमन, कुणाला तिनं सोडलं नव्हतं. कामाला तिला सगळे मानायचे, चहाला कुणी बोलवायचं न्हाय.

“झाका,” मालक दादासो म्हणाले. ढीग झाकला गेला.

पाहुणी म्हणजे हॉलंडच्या व्यापाऱ्याची तपासणीस, मारिट. तिनं नापास केलं की हंगाम तिथंच बंद आन् चाळीस बाया दुसऱ्या दिवशी घरी.

बाई गाडीतनं उतरली. दादासोंनी हार पुढं केला, तिनं हातानंच मागं सारला. शाल, नारळ, काजूची बशी, कशालाच हात लावला न्हाय. स्वानंदची साखरपेरणी सुरूच. हे आमचं कुटुंब, तीन पिढ्यांचा विश्वास. तिनं मधेच त्याला तोडून काहीतरी विचारलं. त्यातला ‘रिजेक्ट’, म्हंजे खराब माल, एवढा शब्द जयवंताच्या कानानं धरला.

स्वानंदनं छाती फुगवून दोन्ही तळवे रिकामे दाखवले. “झीरो, मॅडम! झीरो!”

बाईचं तोंड आवळलं. दोन शब्द फटकारून तिनं वही मिटली आन् सरळ गाडीकडं निघाली.

“काय झालं रं?” दादासो गांगरले.

स्वानंदचा आवाज पडला. “ती म्हणते, खराब माल निघतच नाही म्हणजे तुम्ही निवडतच नाही. नासकं सगळं पेटीत जातं. आता काही सांगितलं तरी ऐकणार नाही.”

जयवंतानं कुणाला विचारलं न्हाय. ताडपत्रीचं टोक धरलं आन् ती खस्सकन ओढून काढली.

आंबट वास सुटला, माशा उठल्या. “ओ बाई!” ती वरडली. “हिकडं बघा!”

बाई थबकली, मागं आली. जयवंतानं ढिगातला एक घड उचलून कातरीच्या टोकानं तडकलेला मणी दाखवला. दुसऱ्यावर उन्हाचा डाग. तिसरा घड बाईनं स्वतः उपसला, फिरवून बघितला आन् खांदे उडवले. ह्यात काय खोट? जयवंतानं तो तिच्या हातातनं घेऊन उजेडाला धरला. देठापाशी, आतल्या अंगाला, एक मणी पाणचट, नासायला लागलेला.

बाईनं चष्मा काढून बघितलं. हसली न्हाय. बाह्या सारून ढिगात हात घातला आन् बराच वेळ एकेक घड उलटापालटा करत राहिली. मग जाता जाता स्वानंदला दोन वाक्यं फेकली.

“एका कंटेनरला हो म्हणते. पुढच्याला परत तपासणार,” स्वानंद म्हणाला. “आणि पुन्हा काही झाकलेलं दिसलं तर आपला माल कायमचा बंद.”

गाडी गेली. टेबलावर हार तसाच.

“मला न विचारता पुढं आलात कशा?” स्वानंद जयवंतावर उखडला. “परक्या माणसापुढं आपली घाण दाखवायची?”

“घान न्हाय ती. चाळीस जनींचं काम हाय. त्येच झाकलंत तुमी.”

“पुढच्या वेळी आगाऊपणा नको, जयवंता,” दादासो म्हणाले.

“मंग ताडपत्री घरी न्या, मालक.”

ती टेबलाकडं वळली. “ए बनाबाई, तमाशा संपला. हात चालव.” कातर उचलली, घड उजेडाला धरला. कच्चकन एक मणी खाली पडला.