माळ्याच्या फळीतले भोक

महाविद्यालयात मी तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले; ड्रिल मशीनला मात्र साठी उलटेपर्यंत हात लावला नव्हता. निवृत्तीनंतर खारदांड्याला दोन भावांच्या घरावरचा माळा भाड्याने घेतला. खाली, वाटणीच्या भांडणात, भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती. लाकडी माळा तेवढा दोघांच्या डोक्यावर अखंड राहिला.

धाकट्याच्या मुलीला अभ्यासासाठी नेट हवे होते. माझ्या राउटरमधून एक वायर खाली सोडू, असे मीच काहीशा संकोचाने सुचवले. वायरच्या टोकाला पिन बसवताना लागणारा आतल्या तारांच्या रंगांचा क्रमसुद्धा वहीत आकृती काढून पाठ केला. एका दुपारी फळीला भोक पाडून वायर खाली सोडली, तोच थोरल्याची आरोळी ऐकू आली. भिंतीची जागा मी माझ्या दारापासून मोजली होती. पण वरचे दार आणि खालचे दार एका रेषेत नव्हते. वायर थोरल्याच्या चुलीवर, थेट कालवणात उतरली होती.

मी जिन्यावर पोहोचेपर्यंत तो धाकट्याच्या ओटीवर चढला होता. हातात तुटक्या वल्ह्याचा दांडा.

"भिंत घातली तरी पोट नाय भरलं तुझं? आता वरून घुसतोस?"

"मी नाय पाडलं भोक!"

"मग काय उंदरानं पाडलं रे?"

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा बरगड्यांवर, हाड मोडल्याचा आवाज मला जिन्यावर ऐकू आला. धाकट्याने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिले. माझे नाव घेतले नाही. "ते मी केले" एवढेच म्हणायचे होते, आणि मी जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. तिसरा फटका तोंडावर बसला, रक्ताबरोबर दात लादीवर पडला, तेव्हा कुठे मी ओरडलो, "भोक मी पाडले!"

"मास्तर, तुम्ही?" थोरल्याने माझी गचांडी धरून मला भिंतीवर आपटले. डोके बधिर झाले. मग त्याने दांडा फेकला आणि भावाकडे न पाहता तो निघून गेला.

पंधरवड्याने मी दुसरे भोक पाडले, या वेळी खालून मोजून. नेट सुरू झाले. छातीला पट्टा बांधलेला धाकटा खुर्चीतून पाहत होता. मी क्षमा मागू लागलो.

"भोक चुकलं त्याचं काय नाय, मास्तर," तो म्हणाला. "पहिल्या फटक्यालाच बोलायचं ना."