मयत असल्यास तारीख

शाळेत मी कायम पहिल्या रांगेत असायचे. हुशार म्हणून नव्हे, बुटकी म्हणून. पहिलीत असताना शाळेच्या नळाला माझा हात पोचत नव्हता. गुरुजी हजेरी घेताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "ही सहा वर्षांची? हिला घरी खायला घालतात का नाही?" पोरं हसायची. मी तणतणत वस्तीवर यायचे आणि चुलीपुढं बसून एक भाकरी जास्तीची खायचे. उंची काही वाढली नाही, राग मात्र भरपूर वाढला. तो अजून आहे.

आमची वस्ती गुंजवणे गावाच्या वर, डोंगराच्या पोटाला; खाली आता धरणाचं पाणी. सात घरं, म्हशी आणि शेळ्या. राजगडाची वाट चुकलेले ट्रेकवाले अंगणात येऊन ताक मागतात आणि फोटो काढतात. तिथून मी पुण्याला जाऊन शेतीची पदवी घेतली आणि पुढं जनावरांच्या चाऱ्याचा अभ्यास करायला कॅनडातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळवला. आबांना सांगितलं. "चारा शिकाया इमानानं जायचं?" ते म्हणाले. "हितं काय कमी हाय व्हय चारा?" पण दुसऱ्याच दिवशी वेल्ह्याच्या बाजारात त्यांनी चार जणांना ते अभिमानानं सांगितलं.

प्रवेश मिळाला म्हणजे झालं असं मला वाटत होतं. मग व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची यादी आली. भोरला व्हिसाची कामं करणाऱ्या एक मॅडम आहेत. मार्गासनीवरून एसटीनं नसरापूर, तिथून दुसरी एसटी भोरला, असे मी त्यांच्याकडे किती हेलपाटे घातले ते मोजले नाहीत. पासपोर्ट, जन्माचा दाखला, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, छातीचा एक्सरे, शिकून परत येणार असं पटवून देणारं पत्र. मॅडम एकेका कागदावर टिकमार्क करायच्या. शेवटी त्यांनी कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म दिला. "हा घरी आईवडलांना विचारून भर," त्या म्हणाल्या. "सगळ्या भावंडांची नावं लिही. कुणी वारलं असेल तर तेही. मयत असं लिहायचं आणि तारीख टाकायची."

दुपारी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी शेजारी फॉर्म घेऊन बसले. आईची जन्मतारीख म्हणजे पावसाळा, आबांची म्हणजे त्याच्या आधीचा कुठला तरी पावसाळा, असं करत करत आधार कार्डावरच्या तारखा उतरवून घेतल्या. मग धाकट्या भावाचं नाव लिहिलं आणि पुढचं मी थट्टेनंच वाचून दाखवलं. "मेलेल्या भावंडांची पण नावं मागतायत बघ. सरकारला कसल्या कसल्या चौकशा!"

आईचा हात सुपात थांबला.

"येक हाय," ती म्हणाली.

माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. बाळंतपण अडलं म्हणून आईला घोंगडीच्या झोळीत घालून खाली नेलं होतं आणि मुलगी सरकारी दवाखान्यात झाली, त्यामुळं तिचा दाखला निघाला. "अकरा म्हयन्याची हुती," आई सुपाकडं बघत सांगत होती. "जुलाब लागलं. वढ्याला पानी. तुझ्या आबांनी दोनदा वढ्यापत्तुर नेली आन् माघारी आनली." लहान लेकरू म्हणून ओढ्याकाठीच पुरलं. ग्रामपंचायतीत कुणी सांगितलं नाही. तिच्या जन्मानंतर दोन वर्षांनी मी झाले, घरीच. तिचंच नाव मला ठेवलं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी दाखला मागितला. घरात एकच दाखला होता.

"कागद हुता, त्यो दिला," आई म्हणाली. "नाव त्येच हुतं."

मी उठून अंगणात गेले आणि परत आले. मला भयंकर राग आला होता. "मग मी कधी जन्मले?" मी ओरडून विचारलं. "माझी तारीख काय?"

"तुजी कुठं लिवलीया? भात काढायचं चाललं हुतं."

नळाला हात का पोचत नव्हता ते मला तेव्हा कळलं. मी चार वर्षांची होते. दर वर्षी सप्टेंबर महिन्यात हॉस्टेलवर मैत्रिणी माझ्या तोंडाला केक फासायच्या, तो वाढदिवस माझा नव्हता. त्याच दिवशी वस्तीवर आई दहीभाताचा घास धरणाच्या पाण्याशी ठेवून यायची. लेकीची दृष्ट काढते असं ती म्हणायची आणि मला ते माझ्यासाठीच वाटायचं. पुढं खाली धरण झालं आणि पाणी चढलं तेव्हा ओढ्याकाठची ती जागा बुडाली होती. म्हणजे त्या मुलीचं या जगात आता काहीच उरलं नव्हतं. फक्त एक दाखला, आणि तो माझ्या फायलीत.

आबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला शाळंत घ्येतलं न्हवं?" आणि शेळ्या घेऊन वर निघून गेले. चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

त्या दिवसांत मला घरात बसवेना. संध्याकाळी आई अंगणातून हाक मारायची, आणि लहानपणापासून ऐकलेली ती हाक ऐकून मी आधी दाराकडे बघायचे. वाटायचं, आता दुसरीच कुणीतरी ओ देईल. आरशात स्वतःकडे बघताना मी हिशेब करायचे, ती असती तर माझ्याहून किती उंच असती. भीती वाटायची. मेलेल्या माणसाची भीती नव्हती ती. मी कुणाच्या तरी जागेवर बसलेय आणि ती दारात उभी राहून वाट बघतेय, अशी भीती होती.

आईचं मात्र उलट झालं. ती मोकळी झाली होती. शेण काढताना, चूल पेटवताना, मध्येच थांबून म्हणायची, "लिव बाई तिला. आजपत्तुर कुनी इचारलंच न्हाई." मी म्हणायचे, "लिहिते."

भोरला जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिच्या मृत्यूची नोंद आहे?" नाही. "तिची जन्मतारीख काय लिहिणार?" माझी तीच तिची. मॅडम कपाळ चोळत बसल्या. "अगं, एका बापाच्या दोन मुली, एकच नाव, एकच तारीख, त्यातली एक मयत. हे वाचल्यावर तुझ्या दाखल्याचीच चौकशी लागेल. आधी तुझी तारीख दुरुस्त करावी लागेल. दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, सगळं. त्याला वर्ष तरी जाईल. तुझी जागा काही थांबणार नाही." थोड्या वेळानं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला काहीच सांगत नाही. सही तुझी आहे. तू ठरव."

मी ठरवायला दोन मिनिटंही घेतली नाहीत. हे मला आजही सांगताना लाज वाटते. ती जागा मी माझ्या अभ्यासावर मिळवली होती, आणि ती कुणासाठी सोडायची माझी तयारी नव्हती. भावंडांच्या रकान्यात मी एकच नाव लिहिलं, भावाचं. खाली, वरील माहिती खरी आहे, असं लिहिलं होतं. तिथं सही केली.

पुण्याला बोटांचे ठसे द्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या मुलीनं जन्मतारीख विचारली. मी घडाघडा सांगितली. ती म्हणाली, "वाटत नाही हो तुम्ही एवढ्या मोठ्या." मी हसले. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला उलटी झाली.

व्हिसा आला. आबांनी वस्तीत पेढे वाटले. मॅडमनी दिलेली फाईल मी घरी आणली, तर आई हात पदराला पुसत माझ्याशेजारी येऊन बसली.

"दाव मला."

मी पासपोर्ट दाखवला. तिनं तो उलटसुलट करून परत दिला. "ह्ये न्हाई. तिला लिवलंस त्यो कागद."

तिला वाचता येत नाही, आणि फॉर्म तर इंग्रजी. मी तो पुढं धरला आणि सगळ्यात वरच्या ओळीवर, माझ्या नावावर बोट ठेवलं. नाव तर तेच होतं. खोटं बोलत नाही असं मी स्वतःला समजावलं.

"हितं व्हय?" आईनं त्या अक्षरांवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "आन् गेली त्यो दिस? त्यो बी लिवलाय न्हवं?"

"लिहिलाय."

"कंचा लिवलास?"

मी कधी जन्मले हे मी तिला दहा वेळा विचारलं होतं. माझी बहीण कधी गेली हे एकदाही विचारलं नव्हतं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं अंगठा उचलला, कागदाची नीट घडी घातली आणि तो माझ्या हातात परत दिला.

"सोमवार हुता," ती म्हणाली.