दुसरा ठोका

आमच्या चेंदणीत पोहायला कुणी कुणाला शिकवत नाही, ते आपोआप येतं. डोणी मात्र शिकवावी लागते, आणि शिकवणारी कुणीही उठून होत नाही. माझ्या लहानपणापासून ते काम माझ्या आत्याकडं होतं. आंब्याच्या अखंड बुंध्यातून कोरलेली अरुंद डोणी, तिच्यात दोन बायका, दोन वल्ही, आणि खाडीपलीकडं कळव्याच्या अंगाला मिठागरं. आगगाडीचा पूल झाला, पण त्यावरून आम्हाला पाऊल टाकू देत नव्हते. मिठावर कामाला जायचं तर खाडी आपल्या हातानं ओलांडायची.

शिकवणारी पुढं बसते आणि शिकणारी मागं. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं. पण डोणी वळते ती मागच्या वल्ह्यानं, म्हणून शिकणारीला मागं बसवायचं, तिच्याकडं पाठ करायची आणि मान वळवायची नाही. वळवलीत की ती पाणी सोडून तुमच्या तोंडाकडं बघत वल्हं मारणार. तिचं काय चुकतंय ते बुडाखालचं लाकूड सांगतं. मधूनमधून वल्ह्याच्या दांड्यानं काठावर एक ठोका द्यायचा. मागून एक ठोका आला की समजायचं, बाई भानावर आहे, घाबरून थिजलेली नाही.

हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. दुसरं कारण आत्यानं मला शिकवणारी करायला घेतलं तेव्हा सांगितलं. खाडीत राहिलेलं माणूस कधीकधी मागच्या टोकाला चढून बसतं. त्यालाही घरी यायचं असतं. मग एका ठोक्याला दोन ठोके येतात. "तेव्हा तर मुळीच वळायचं नाही गो," आत्या म्हणाली. "तू बघितलंस की त्याला वाटतं, आपल्याला घेतलं. आणि डोणीत जागा दोघांचीच."

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, मेल्यावरही वल्हंच मारायचं असेल तर मरून काय फायदा? आत्या हसली नाही, तंबाखू मळत राहिली.

त्याच वर्षी पावसाळा सरताना माझा भाऊ गेला. संध्याकाळी जाळं टाकायला म्हणून निघाला आणि सकाळच्या भरतीबरोबर नुसती डोणी परत आली. कुणी ओढून आणली नाही, नेमकी आमच्याच खुंटाला येऊन टेकली. वल्हं आत नीट आडवं ठेवलेलं. भाऊ काही सापडला नाही. त्याची एक सवय होती, वल्हं पाण्यातून काढताना पातं काठाला घासायचं आणि खर्र असा आवाज व्हायचा. दाट धुक्यातसुद्धा आई त्या आवाजावर चूल पेटवायची. त्यानंतर कितीतरी दिवस ती सकाळी उगाच चुलीपाशी बसून राहायची.

माझी भावजय शहाडकडची, उल्हास नदीच्या गोड्या पाण्याची, शेतकऱ्याघरची. खाऱ्या पाण्याची तिला धास्ती. दिवाळीनंतर तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता, तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायला. आईचं म्हणणं, खुशाल नेऊ दे, पण दोन वर्षांची पोर आमच्या घरची, ती इथंच राहील. मिठावर जाऊन आपलं पोट भरणारी असती तर सून ठेवली असती, म्हणाली. भावजयीनं हे ऐकलं, पोरीला कडेवर घेतलं आणि थेट आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

आत्याचे खांदे तोवर गेले होते. तिनं माझ्याकडं बोट केलं. रीत अशी की नव्या शिकवणारीनं एका बाईला पार न्यायचं आणि त्या बाईनं त्याच भरतीवर एकटीनं परत यायचं. आली, तर ती शिकली आणि नेणारी शिकवणारी झाली. म्हणजे माझं काम आणि तिचं लेकरू, दोन्ही एकाच डोणीच्या भरवशावर. डोणीही भावाचीच, घरात दुसरी होतीच कुठं?

भावजयीचा हात म्हणजे काय सांगू! नुसती फळफळ. पाणी सगळं माझ्या पाठीवर. आत्या काठावरून म्हणायची, उथळ पाण्याला खळखळाट फार. भावजय म्हणायची, ही डोणीच एका अंगाला ओढते. मी म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. पण बाई चिवट. हाताला फोड आले, फुटले, तरी रोज माझ्या आधी खुंटापाशी हजर.

ठरल्या दिवशी ऊन वर आलं होतं तरी पाण्यावर धुकं होतं. भरती पुरी झालेली, पाणी थांबलेलं. आत्या दुसऱ्या डोणीतून आधीच पलीकडं जाऊन उभी राहिली होती. आम्ही निघालो. मागून नेहमीची फळफळ, डोणी नेहमीसारखी डाव्या अंगाला जाते आहे, मी सांगते आहे. पुलावरून गाडी धडधडत गेली. ती गेल्यावर लक्षात आलं, मागची फळफळ थांबली आहे. आणि डोणी सरळ चालली होती. फारच सरळ. माझे गुडघे जरा वर आले होते, मागचं टोक खाली बसलं होतं.

मी ठोका दिला. मागून एक ठोका आला. आणि त्याच्या मागून आणखी एक, खालून, पाण्यालगत.

मग खर्र.

अंगावर सरसरून काटा आला, पण भीतीनं नव्हे. आनंदानं. माझा भाऊ होता तो, चार हात मागं. नुसती मान वळवायची. माझे डोळे भरून आले, मानेची शीर ठणकायला लागली. पण त्याच्या आणि माझ्या मध्ये ती बसली होती आणि जागा दोघांचीच होती. मी समोर बघत राहिले. हे मला जितकं जड गेलं तितकं पुढं बाळंतपणसुद्धा गेलं नाही.

डोणी काठाला लागली. आत्यानं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि पटकन डोळे खाली केले. मी उतरून वळले तेव्हा डोणीत भावजय एकटीच होती. वल्हं मांडीवर, पातं कोरडं.

"अर्ध्या खाडीपासून मी वल्हं मारलंच नाही, वन्सं," ती म्हणाली.

मी आत्याला म्हटलं, आज नको, तिला मी परत नेते. आत्या म्हणाली, आज नाही गेली तर कधीच जाणार नाही. आम्ही भांडत होतो तोवर भावजयीनं डोणी लोटली होती.

धुकं विरलं होतं, आम्ही बघत राहिलो. ती एवढीशी बाई, तरी डोणीचं नाक वर आणि शेपूट पाण्यात बुडायला आलेलं. हात मांडीवर, आणि डोणी सुतात चाललेली. मधोमध गेल्यावर ती अख्खी मागं वळून बसली. न बघण्याचा नेम शिकवणारीला असतो. शिकणारीच्या मागं कुणी असेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं, म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती काहीतरी बोलत होती, ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं वल्हं उचलून काठावर ठोका दिला.

आत्यानं माझा दंड धरला. ठोका परत आला नाही. डोणीचं नाक हळूच खाली आलं. मग फळफळ सुरू झाली, वेडीवाकडी, डाव्या अंगाला ओढणारी, आणि मी काठावर उभी राहून मोठ्यानं रडले. ती पोचली. दिवाळीनंतर तिचा भाऊ आला आणि सुक्या मासळीची टोपली घेऊन एकटाच शहाडला गेला.

मी पुष्कळ महिने विचारलं नाही. मग एकदा दोघी कोळंबी सोलत बसलो होतो, तेव्हा विचारलं, त्याला काय म्हणालीस.

तिनं मान वर केली नाही. "म्हटलं, आता मला येतं. तुम्ही उतरा."

मी हातातली कोळंबी टाकून उठले. राग आला मला. तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि माझ्या वाट्याला नुसतं खर्र. कसा दिसत होता, ते ती आजही सांगत नाही.

त्यानंतर चेंदणीतल्या बहुतेक बायका माझ्याच हाताखाली खाडी ओलांडायला शिकल्या. मी पुढं बसते, मान वळवत नाही. ठोका देते, मागून एक ठोका येतो. मग मी वल्हं तसंच धरून थोडी थांबते. बायकांना वाटतं, मी त्यांची चूक ऐकते आहे.